हाडांचा डॉक्टर आणि हाडाचा डॉक्टर

तीन वर्षांचं पोर आईचं बोट धरून चालत असतं. मध्येच रस्त्यात फतकल मारून बसतं. आई वैतागून हाताला हिसका देते, आणि त्या क्षणापासून पोर तो हात हलवत नाही. रडून थकलं की हात अंगाशी लोंबता ठेवून गप्प बसतं, चॉकलेट पुढे केलं तर दुसऱ्या हाताने घेतं. सूज नाही, काळंनिळं नाही, पण हाड मोडल्याची घरच्यांची खात्री झालेली असते. प्रत्यक्षात कोपराशी असलेल्या रेडियस हाडाचं डोकं त्याच्या कड्यासारख्या बंधातून किंचित निसटलेलं असतं. ज्या डॉक्टरला हे ठाऊक आहे तो एका हाताने कोपर धरतो, दुसऱ्या हाताने मुलाचा पंजा झटकन पालथ्या बाजूला पूर्ण फिरवतो. कोपरावरच्या बोटाला बारीकसं ‘टक्’ लागतं आणि दहा मिनिटांत पोर त्याच हाताने टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला लागतं. ज्याला ठाऊक नाही तो चिठ्ठी लिहून फोटो काढायला पाठवतो. फोटोत काहीच दिसत नाही. गंमत अशी की फोटोसाठी तंत्रज्ञ हात सरळ करून उताणा ठेवतो तेव्हा पुष्कळदा सांधा तिथल्या तिथे बसतो. पोर हसत बाहेर येतं, आणि घरचे मानतात की मशिनमध्येच काहीतरी गुण होता.

ही क्लृप्ती शिकायला पाच मिनिटं लागतात. जनरल प्रॅक्टिशनरला, म्हणजे आपल्या जीपीला, अशी किती पाच-पाच मिनिटं लागतात, ती त्याला कोणी द्यायची, कशी द्यायची, आणि जगात ज्यांनी हा उद्योग केला त्यांच्या हाती काय लागलं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. जीपीला शिकवायचं अस्थिशास्त्र म्हणजे तज्ज्ञाच्या अभ्यासक्रमाला कात्री लावून केलेली छोटी प्रत नव्हे. तो वेगळाच विषय आहे, आणि आपण तो विषय म्हणून कधी नीट मांडलेलाच नाही.

मागणी किती आहे ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की कळतं. इंग्लंडमध्ये हे मोजलं गेलं, तेव्हा फॅमिली डॉक्टरकडच्या दर सात भेटींतली एक हाडं, सांधे किंवा स्नायूंच्या तक्रारीसाठी असल्याचं दिसलं. आपल्याकडे वाकून लावणी करणारी बाई, ऊसतोडीची मोळी उचलणारा गडी, दिवसभर मोटरसायकलवर असणारा पोऱ्या, भारतीय बैठकीतून उठताना ‘अगं आई’ म्हणणाऱ्या आजी, असं सगळं एकाच संध्याकाळी येतं. आणि येताना भाषा घेऊन येतं. उसण भरली. मणक्यात गॅप आलाय. नस दबली. गुडघ्यातलं वंगण संपलं. युरिक ॲसिड वाढलंय का बघा. यातले निम्मे शब्द लोकांनी डॉक्टरांकडूनच उचललेले आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

समोर बसलेला जीपी कोण आहे? महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावी तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, क्वचित एमबीबीएस. तिघांच्या शिक्षणात हाडांना मिळालेली जागा वेगवेगळी, पण एका बाबतीत तिघंही सारखेच: हाताने करून पाहण्याची संधी तुटपुंजी. एमबीबीएसचंच घ्या. २०२१च्या इंटर्नशिपच्या नियमांत बावन्न आठवड्यांपैकी अस्थिरोग आणि पुनर्वसनशास्त्र मिळून दोन आठवडे आले. जनरल सर्जरीला सहा, सामुदायिक वैद्यकाला बारा. २०१९पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात प्लास्टर, थॉमस स्प्लिंट, लांब हाडांना आधार देणं, हासळीच्या हाडाची पट्टी अशी यादी आहे, आणि ती चांगली आहे. पण त्यातली अपेक्षा अशी की विद्यार्थ्याने पथकाचा एक सदस्य म्हणून या कामांत ‘सहभागी’ व्हावं. मोठ्या सरकारी रुग्णालयातला सहभाग म्हणजे काय, ते ज्यांनी इंटर्नशिप केली त्यांना विचारा. पाय धरून उभं राहणं, बादलीत पाणी आणणं, आणि निवासी डॉक्टरने प्लास्टर गुंडाळलं की फॉर्म भरणं.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यावरून झालेला वाद सर्वांना माहीत आहे आणि अजून मिटलेला नाही. मला त्यात वेगळीच गोष्ट खटकते. भांडण दोन्ही बाजूंनी औषधं लिहिण्याच्या हक्काचं आहे. मुरगळलेला पाय कसा तपासावा, हात मोडलेल्या माणसाला झोळी कशी बांधावी, यावर कोणी भांडत नाही, कारण त्या ज्ञानाला प्रिस्क्रिप्शनची किंमत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४मध्ये सुरू झाली. तिच्यात डॉक्टर असतो, हे तिचं वैशिष्ट्य. आणि तो बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएसच असतो. महामार्गावर मांडी मोडलेला माणूस सगळ्यात आधी त्याच्या हाती येतो. देशात २०२२मध्ये रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. जगले पण मोडले, त्यांची संख्या याच्या कितीतरी पट.

आपलेच डॉक्टर कच्चे आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. १९९८मध्ये फ्रीडमन आणि बर्नस्टीन या दोघांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नुकत्याच पदवीधर झालेल्या ८५ डॉक्टरांना हाडा-सांध्यांच्या अगदी प्राथमिक गोष्टींवर पंचवीस छोटे प्रश्न घातले. उत्तीर्ण होण्याची रेघ अस्थिरोग विभागांच्या प्रमुखांनी ठरवली होती: ७३.१ टक्के. ८२ टक्के नापास झाले. तज्ज्ञ स्वतःच्या विषयाला फाजील महत्त्व देतात, असा आक्षेप आला. मग रेघ ठरवायचं काम मेडिसिनच्या शिक्षकांना दिलं. त्यांनी ती ७० टक्क्यांवर आणली, तरी ७८ टक्के नापासच. त्या प्रश्नांत दुर्मिळ आजार नव्हते. उशीर झाला तर हात-पाय किंवा जीव जाईल अशा, आणि रोज दिसणाऱ्या, गोष्टी होत्या. दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीचा नव्हता. वेळापत्रकात त्या विषयाला जागाच नव्हती.

इतिहासात मात्र याच्या उलट घडल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यांतलं सर्वांत बोलकं एका जीपीचंच म्हणता येईल. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस. त्यांचं घराणं वेल्समधल्या अँगलसीच्या हाडवैद्यांचं. वडील इव्हान थॉमस यांचा हात इतका नावाजलेला की डॉक्टर मंडळी त्यांच्यावर खटले भरत. रोजच्या कटकटीला कंटाळून वडिलांनी आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केलं. ह्यू यांना कुठल्या मोठ्या रुग्णालयात नेमणूक कधी मिळाली नाही. नेल्सन स्ट्रीटवरच्या घरच्या दवाखान्यात ते गोदी कामगारांना तपासत, रविवारी गरिबांना फुकट. गुडघ्याच्या क्षयासाठी त्यांनी एक साधी लोखंडी चौकट तयार केली: जांघेशी टेकणारं गोल कडं आणि पायाच्या दोन बाजूंनी खाली जाणाऱ्या सळया. १८९१मध्ये ते वारले तेव्हा तिची फारशी कोणी दखल घेतलेली नव्हती.

त्यांच्या हाताखाली शिकलेले भाचे रॉबर्ट जोन्स पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या अस्थिशस्त्रक्रियेचे कर्ते झाले. गोळी लागून मांडीचं हाड फुटलेला शिपाई खंदकातून रुग्णालयापर्यंत जिवंत पोचत नसे. मांडीत लिटर-दीड लिटर रक्त सहज साठतं, आणि प्रत्येक हिसक्याला हाडाची टोकं मांस फाडत जातात. जोन्स यांनी मामांची चौकट पुढे आणली. पण खरी करामत पुढची आहे. ती चौकट शल्यविशारदाच्या टेबलावर न ठेवता त्यांनी स्ट्रेचर उचलणाऱ्या शिपायांच्या हाती दिली. बूट न काढता, अंधारात, ठरलेल्या क्रमाने ती कशी बांधायची याची कवायत झाली. डोळ्यांवर पट्टी बांधूनही जमेपर्यंत ती घोटून घेतली. सुरुवातीला अशा जखमींतले शंभरात ऐंशी दगावत, अखेरीस वीस, असा आकडा पाठ्यपुस्तकांतून फिरतो. त्याच्या काटेकोरपणावर वाद आहे, पण फरक मोठा होता यावर नाही. मला या गोष्टीत आकड्यापेक्षा कवायत महत्त्वाची वाटते. मांडीच्या हाडाची रचना शिपायांना कोणी शिकवली नाही. एक काम, एका क्रमाने, हात विसरणार नाहीत इतक्या वेळा करून घेतलं, एवढंच.

दुसरी गोष्ट १९७६ची. जेम्स स्टायनर हे अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद स्वतःचं छोटं विमान चालवत होते. नेब्रास्कातल्या शेतात ते कोसळलं. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. जवळच्या लहान रुग्णालयात जे उपचार मिळाले ते पाहून स्टायनर हादरले. शेतात, हातात काही नसताना, आपण मुलांना जे दिलं त्याहून हे कमी आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्या डॉक्टरांवर दावा ठोकला नाही. लहान गावातल्या डॉक्टरला पहिल्या तासात काय करायचं हे कोणी क्रमाने शिकवलेलंच नाही, असं निदान केलं आणि सहकाऱ्यांना घेऊन १९७८मध्ये पहिला अभ्यासक्रम घेतला. पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो उचलला. आज अपघातग्रस्ताला तपासताना आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा जो क्रम जगभरचे डॉक्टर म्हणतात, तो त्या अभ्यासक्रमाने रुजवला.

तिसरी गोष्ट अपघाताची नाही. जन्मतः आत वळलेली पावलं हजारातल्या एखाद्या बाळाला असतात. अनेक दशकं त्यावर मोठ्या शस्त्रक्रिया होत राहिल्या आणि मोठेपणी ती पावलं ताठ, दुखरी होत राहिली. आयोवातले इग्नासियो पोन्सेटी १९५०च्या आसपासपासून सांगत होते की दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडं वळवून प्लास्टर घाला, अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की टाचेची दोरी छोट्या सुरीने मोकळी करा, आणि मग काही वर्षं रात्रीची पट्टी-बूट घाला. त्यांचं म्हणणं जगाने मान्य करायला जवळजवळ अर्धशतक घेतलं. मान्य झाल्यावर लक्षात आलं की यातलं बहुतेक काम करायला सर्जन लागतच नाही. मलावीत १९८५पासून डॉक्टर नसलेले, पण अस्थिरोगाचं खास शिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर तयार होत होते. त्यांनी ही प्लास्टरं उत्तम घातली. युगांडातही तेच झालं. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत वळलेली पावलं आहेत, जन्मतः सैल किंवा निसटलेला खुबाही आहे. आणि गावोगावी अंगणवाड्यांत फिरणाऱ्या त्या पथकांत आयुष डॉक्टरच असतात. बाळाच्या मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या उघडतात का, एक पाय आखूड वाटतो का, एवढं पाहायला अर्धं मिनिट पुरतं. ते पाहिलं गेलं नाही, तर मूल चालायला लागल्यावर झोल खातं आणि मग मोठी शस्त्रक्रिया.

मग जीपीच्या अभ्यासक्रमात नेमकं काय घालायचं? इथे तज्ज्ञ चुकतात. सांधेरोपणाची नवी तंत्रं, दुर्बिणीतून केलेली लिगामेंटची दुरुस्ती, अशा विषयांवर ते बोलतात, कारण त्यांना त्याचाच अभिमान असतो. जीपीला त्यातलं ऐकायला बरं वाटतं, वापरायला काही मिळत नाही.

सुरुवात तपासणीच्या शिस्तीपासून करावी. ग्रॅहम ॲप्ली हे इंग्लंडमधले हाडांचे मोठे शिक्षक. त्यांचं पाठ्यपुस्तक १९५९मध्ये आलं आणि आजही आपल्या कॉलेजांत चालतं. त्यांनी सांध्याची तपासणी तीन क्रियांत बसवली: पाहा, चाचपा, हलवून बघा. याच क्रमाने, आणि कपडा बाजूला करून. हसू येईल, पण पँट वर न करता गुडघा तपासण्याची प्रथा आपल्याकडे भक्कम आहे. १९९२मध्ये काही ब्रिटिश डॉक्टरांनी चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा यांची दोन-तीन मिनिटांत होणारी चाळणी तपासणी बसवली. पुढे तिचीच लहान मुलांसाठीची आवृत्ती निघाली आणि ती अनेक भाषांत गेली. जीपीच्या घाईत बसेल अशी ही एकमेव गोष्ट असेल.

हात आधी, फोटो नंतर, हे सांगायला डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांचं उदाहरण पुरतं. मनगटाशी हाड मोडण्याच्या ज्या प्रकाराला आज जगभर त्यांचं नाव आहे, त्याचं वर्णन त्यांनी १८१४मध्ये केलं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती. फोटोची गरज आहे की नाही हेही हाताने ठरवता येतं. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील यांनी १९९२मध्ये घोट्यासाठी नियम बांधले. मुरगळल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात, दाबल्यावर दुखत असेल, तरच घोट्याचा फोटो. पावलासाठी करंगळीच्या रेषेतल्या हाडाचा बुंधा आणि आतल्या बाजूचं एक छोटं हाड, अशा दोन जागा. पुढच्या तपासण्यांत दिसलं की या नियमांतून मोडलेलं हाड जवळजवळ कधीच निसटत नाही, आणि तीस-चाळीस टक्के फोटो वाचतात. मधुमेहाने पाय बधिर झालेला रुग्ण, दारू प्यालेला माणूस किंवा अगदी लहान मूल यांना मात्र हा नियम लावू नये. आमच्याकडच्या कार्यशाळांत मी हे शिकवतो तेव्हा एखादा अनुभवी जीपी हमखास विचारतो, “पण सर, पेशंटच म्हणतो फोटो काढा, त्याचं काय?” त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ओटावात नाही.

पुढची पायरी धोक्याच्या खुणांची, आणि जीपीच्या अभ्यासक्रमाचा गाभा माझ्या मते हाच. लंगडणारं, तापलेलं, खुबा हलवू न देणारं मूल: सांध्यात पू आहे असं धरून त्याच दिवशी पाठवायचं, उद्यावर टाकायचं नाही. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली: तासांचा हिशोब. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखतंय आणि फोटो मात्र चांगला: तरी आधार द्यायचा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं, कारण तिथलं नौकेसारखं छोटं हाड मोडल्याचं पहिल्या फोटोत लपतं आणि दुर्लक्ष झालं तर जुळतच नाही. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय आखूड होऊन बाहेर वळलाय: खुब्याचं हाड गेलंय, मालिश नको.

आणि कण्याचा क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक आपल्या देशात आहेत, हाडांच्या क्षयातला जवळजवळ निम्मा कण्यात होतो, आणि तरीही महिनोन्महिने पाठदुखीच्या गोळ्या खाऊन, पाय लुळे पडल्यावर रुग्ण शहरात येतो. रात्री जागं करणारी पाठदुखी, उतरणारं वजन, संध्याकाळचा बारीक ताप, मणक्यावर बोटाने ठोकल्यावर एका जागी होणारी कळ. या चार गोष्टी विचारायला आणि पाहायला मशिन लागत नाही. वाराणसीच्या डॉ. सु. म. तुली यांनी १९७५मध्ये दाखवून दिलं की कण्याच्या क्षयाचे बहुतेक रुग्ण औषधांवर बरे होतात, ठरावीक रुग्णांनाच शस्त्रक्रिया लागते. पण औषधं वेळेवर सुरू व्हायला आधी कोणाला तरी शंका यावी लागते, आणि शंका घेणारा पहिला माणूस जीपीच असतो.

शिकवण्याइतकंच विसरायला लावणंही आलं. गुडघा दुखला, पाठ दुखली की डायक्लोची सुई आणि सोबत स्टेरॉइडची एक, ही जोडी खेड्यांत इतकी रुळली आहे की ती न देणाऱ्या डॉक्टरकडे गिऱ्हाईक थांबत नाही. सांधेदुखीच्या नावाने मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही पुष्कळदा स्टेरॉइडच असतं. वर्षानुवर्षं खाऊन खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा गेलेले तरुण आम्ही पाहतो. पण अगदी रीतसर, योग्य जागी दिलेली स्टेरॉइडची सुईसुद्धा प्रत्येक वेळी भल्याचीच नसते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावर, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, सुई, व्यायाम आणि नुसतं थांबणं यांची तुलना झाली, निष्कर्ष २००६मध्ये आले. सहा आठवड्यांनी सुईवाले सर्वांत आनंदात. वर्षभराने तेच सर्वांत मागे, दुखणं पुन्हा उलटलेलं. म्हणून सांध्यात सुई देण्याच्या ज्या कार्यशाळा हल्ली जोरात चालतात, त्यांत सुई कशी द्यावी याच्या आधी कधी देऊ नये हे शिकवलं जातं का, हे पाहावं.

पाठदुखीचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात १९९७मध्ये दूरचित्रवाणीवर मोहीम चालली: पाठ दुखली म्हणून झोपून राहू नका, हिंडतेफिरते राहा. लोकांचे समज बदलले, आणि विशेष म्हणजे तिथल्या जीपींचेही. म्हणजे डॉक्टरला शिकवण्याचा एक मार्ग त्याच्या रुग्णाच्या डोक्यातून जातो. आपल्याकडे चाळिशीनंतर जवळपास कोणाच्याही एमआरआयमध्ये काही ना काही सापडतं, त्याला ‘गॅप’ हे नाव मिळतं, आणि तो शब्द घरात कायमचा मुक्कामाला येतो. जीपीने तो शब्द वापरायचा सोडला तरी निम्मं काम होईल.

हाडवैद्यांबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही, कारण कित्येक ठिकाणी खरा पहिला संपर्क त्यांचाच. आंध्रातलं पुत्तूर त्यांच्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. आपल्याकडेही पंचक्रोशीत एखादं नाव असतंच. त्यांच्या विरोधात बोलणं सोपं आहे. चिंचेवरून पडलेल्या पोराच्या कोपराला चोळून, वर बांबूच्या कामट्यांनी करकचून आवळल्यामुळे काळा पडलेला हात मीही पाहिला आहे. पण इथिओपियात एका सर्जनने वेगळा प्रयोग केला. भागातल्या पारंपरिक हाडवैद्यांना बोलावून एका दिवसाचं शिक्षण दिलं: घट्ट बांधू नका, बोटं उघडी ठेवा, या या खुणा दिसल्या की सोडा आणि पाठवा. पुढच्या दोन वर्षांत गँगरीन होऊन हात-पाय कापावे लागलेल्यांची संख्या बरीच खाली आली. एका दिवसात.

यात आयुर्वेदाच्या पदवीधरांना एक आधार घरचाच आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत, झाडांच्या सालींच्या पट्ट्यांनी आधार द्यायची पद्धत आहे, आणि बांधणं कसं असावं यावर स्पष्ट ताकीद आहे: सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पाक होतो. ऋतूप्रमाणे सात, पाच किंवा तीन दिवसांनी बांधणं बदलावं, हेही सांगितलं आहे, म्हणजे उन्हाळ्यात लवकर उघडून पाहावं. बीएएमएसच्या विद्यार्थ्याला हे परीक्षेपुरतं पाठ असतं. प्लास्टरच्या टेबलाशी उभं करून हाच अध्याय त्याला शिकवला, तर आधुनिक अस्थिशास्त्राशी त्याची ओळख परकेपणाने होणार नाही.

शिकवायचं कसं, यावर पुरावा गोळा झालेला आहे, फक्त तो कोणाला आवडत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरला पाच वर्षांत तीस श्रेयांक मिळवावे लागतात. ते मिळवायची रूढ पद्धत म्हणजे रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये भाषण, मागे औषध कंपनीचा फलक, नंतर जेवण. टोरांटोच्या डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये अशा निरंतर शिक्षणावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. नुसत्या भाषणांनी डॉक्टरचं वागणं बदलत नाही, हाताने करायला लावणाऱ्या आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावणाऱ्या कार्यशाळांनी बदलतं, असं त्यांना दिसलं. पंचवीस वर्षं झाली, हॉटेलं तशीच भरतात. श्रेयांक मोजायला हजेरीपट पुरतो. हात तपासायचा तर शिक्षक लागतो.

व्हॉट्सॲपने एक आडवाट काढली आहे. आज तालुक्याचा जीपी फोटोचा फोटो काढून ओळखीच्या अस्थितज्ज्ञाला पाठवतो आणि पाच मिनिटांत उत्तर मिळतं. यात धोके आहेत, कारण छायाचित्रात हाड दिसतं, सूज आणि नाडी दिसत नाही. पण शिक्षण म्हणून पाहिलं तर हॉटेलातल्या भाषणापेक्षा हे कितीतरी सरस. प्रश्न त्याचा स्वतःचा असतो, रुग्ण समोर असतो, आणि उत्तर लगेच वापरलं जातं. तज्ज्ञाने ‘पाठवून द्या’ एवढंच न लिहिता ‘का’ तेही एका ओळीत लिहिलं, तर वर्षभरात त्या जीपीचा अभ्यासक्रम पुरा होईल.

‘पाठवून द्या’मध्ये पैशाची एक गाठ आहे, ती झाकून उपयोग नाही. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी राज्यात २०१७मध्ये कायद्याचा मसुदा तयार झाला होता, यावरूनच दुखणं किती जुनं आहे ते कळावं. रुग्ण पाठवल्याबद्दल ज्याला पाकीट मिळतं, त्याला न पाठवता बरं करण्याचं कौशल्य शिकायचं कारण उरत नाही. आणि ज्याच्याकडे रुग्ण येतात त्याला ते शिकवायचंही. कितीतरी तज्ज्ञ मला मोकळेपणाने सांगतात, “जीपींना प्लास्टर शिकवलंत तर आम्ही काय करायचं?” अनुभव उलटा आहे. ज्याला तपासता येतं तो योग्य रुग्ण वेळेवर पाठवतो, आणि पाठवताना हात नीट आधार देऊन पाठवतो. पण हे पटायला दोन-तीन वर्षं जातात, आणि दरम्यानचं भाडं तर भरायचं असतं.

आमची कार्यशाळा दिवसभराची असते, वीसच जण, भाषण अर्ध्या तासाचं. बाकी वेळ जोड्या करून एकमेकांच्या हातावर काम. आधी झोळी, मग कामट्या आणि वर्तमानपत्राच्या घडीचा आधार, मग कच्चं प्लास्टर, म्हणजे हाताच्या एकाच बाजूने बसवलेली पट्टी, जिच्यात सुजायला जागा राहते. ताज्या दुखापतीला जीपीने पक्कं, गोल प्लास्टर घालायचंच नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. पाणी कोमट घेतलं तर प्लास्टर लवकर आवळतं, गार घेतलं तर वेळ मिळतो. कापूस कोपराच्या आणि घोट्याच्या हाडावर जास्त लागतो. बोटांच्या मुळाचे सांधे उघडे राहिले पाहिजेत. हे सगळं वाचून कळतं, पण ओल्या प्लास्टरमध्ये बोटाचा खड्डा पडला की तो आत कातडीला टोचतो, हे ते प्लास्टर ज्याच्या हातावर आहे त्यालाच कळतं. म्हणून दुपारी घातलेलं संध्याकाळपर्यंत काढू देत नाही. जेवणही तसंच, एका हाताने.

शेवटचा तास घट्ट झालेल्या प्लास्टरचा. रात्री अकराला फोन येतो: सकाळी शहरात प्लास्टर घातलं, आता फार दुखतंय, गोळीने थांबत नाही. १८८१मध्ये जर्मनीच्या फोल्कमान यांनी ज्या आखडलेल्या हातांचं वर्णन केलं, ते अशाच दुर्लक्षित रात्रींतून तयार होतात. बोटं हळूच सरळ करून पाहायची. त्याने कळ वाढली तर तेवढं पुरे. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहायचं नाही, ती शेवटपर्यंत लागू शकते. घालणारे डॉक्टर फोन उचलत नाहीत म्हणून सकाळपर्यंत थांबायचंही नाही, स्नायूंकडे सहा-एक तासच असतात. गावात प्लास्टर कापायचं मशिन नसतं. साधी सुरी, कात्री आणि वाटीभर पाणी असतं. प्लास्टर भिजवायचं, एका रेषेत वरपासून खालपर्यंत चिरायचं, दोन्ही कडा ओढून फाकवायच्या. इथे बहुतेकजण थांबतात. आतला कापूस रक्ताने आणि घामाने वाळून प्लास्टरसारखाच कडक झालेला असतो. तोही कापायचा, पट्टीचा शेवटचा धागासुद्धा, कातडी दिसेपर्यंत.